कसर

“बाई, आज परत दोनच केल्या त्यांनी.”

बिल्किस फाटकातूनच म्हणाली. मी ओटीवर वाल सोलत बसले होते. मला वाटलं, नवऱ्याने दोनच भाकऱ्या खाल्ल्या म्हणून सांगते आहे.

“मग पुरेत की दोन. सत्तरीच्या माणसानं किती खायच्या?”

“भाकऱ्या न्हाय वो. रकाती.”

ती पायरीवर बसली आणि ओढणीने तोंड पुसलं. जानेवारीची दुपार, अंगावर ऊन बरं वाटावं अशी, तरी तिला घाम आला होता. गुडघ्यांमुळे ती मोहल्ल्यातून आमच्या आळीत कधी चालत येत नाही, रिक्षा करते. आज चालत आली होती. मी वालाचं सूप बाजूला सारलं.

“दुपारची नमाज चार रकातींची,” ती म्हणाली. “उभं राहायचं, वाकायचं, डोकं टेकायचं, ही एक झाली. अशा चार. हे दोन करतात, मान फिरवून सलाम करतात आणि उठतात. आज आठवा दिवस.”

“अगं, विसरत असतील. आजारच तो आहे.”

“विसरणारा कधी तीन करील, कधी पाच करील. हे बरोब्बर दोन. चुकत न्हाईत, बाई. ते कसर पढतात.”

मग खाली बघून म्हणाली, “माझं तिकीट रद्द करा.”

कसर हा शब्द मला तिनेच शिकवला होता. म्हणजे शब्द मला ठाऊक होता, मी बोर्लीच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आहे. पण तिची कसर वेगळी. सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं नाव क्रांती. वडिलांनी मोठ्या हौसेने ठेवलं. आयुष्यात मी क्रांती एकच केली, ती म्हणजे गावातल्या दहा-बारा बायका गोळा करून त्यांना जिल्ह्याबाहेर काढलं. तेही पाच-सहा वर्षांतून एकदा, कारण बारा घरांतल्या बारा बायका एकाच वेळी आठ दिवस मोकळ्या असतील असा मुहूर्त निघता निघत नाही. कुणाची सून बाळंतीण, कुणाचा सासरा आजारी, कुणाचं भात झोडायचं राहिलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या वाटेत कुणी आडवं येत नाही. पण एकटीने जाण्यात मला रस नाही. शेजारी बसून “बाई, ते बघा” म्हणणारं कुणी नसेल तर ताजमहालसुद्धा म्युनिसिपालटीची इमारत वाटते.

तशी म्हणणारी मला बिल्किस मिळाली. शाळेचे गणवेश ती शिवायची. एकदा कापड मोजता मोजता भिंतीवरच्या नकाशाकडे बघून तिने विचारलं, “बाई, हे पिवळं पिवळं काय हाय?” मी म्हटलं, वाळवंट. “आमचे हे असतात तसं?” म्हणाली. तिचे मिस्टर मोहम्मदभाई सौदीत, दम्मामच्या बंदरात क्रेनवर होते. दोन वर्षांनी दोन महिने घरी. त्या दिवशी तिने माझ्या शाळेचा सगळा नकाशा बोटाने फिरून घेतला आणि बत्तीस मुलांच्या चड्ड्या एक माप आखूड शिवल्या. हेडमास्तरांची बोलणी आम्ही दोघींनी खाल्ली.

दोन हजार सातला आम्ही हैदराबादला गेलो. लॉजवर दुपारी तिने जानमाज अंथरलं, नमाज झाली, पण ती उठेना. जानमाजवर मांडी घालून खिडकीबाहेर बघत बसली. चेहरा असा की मला राहवलं नाही.

“आज लवकर आटपलं?”

“सफरीत दोनच,” ती म्हणाली. “मुसाफिराला सवलत हाय. कसर म्हणतात.”

“आमच्यात कसर म्हणजे कमी पडणं. कसर राहिली म्हणजे उणं राहिलं.”

“व्हय? आमच्यात कमी करायची मुभा. बघा ना बाई, घरात बाईला कोण सवलत देतं? नवरा न्हाय, सासू न्हाय. घराबाहेर पडलं की थेट वरूनच मिळते. या उरलेल्या दोन रकातींचा वेळ हाय ना, तो माझा.”

आणि पाच मिनिटं तशीच बसून राहिली. चारमिनार, सालारजंग, सगळं बघितलं आम्ही. पण परत आल्यावर ती सांगायची ती त्या पाच मिनिटांचं. दोन हजार तेरात म्हैसूर-उटीला गेलो, एकोणीसच्या जानेवारीत केरळला. दर वेळी दुपारी तिची ती पाच मिनिटं. बाकीच्या बायकांना मी तेवढा वेळ खोलीबाहेर काढायचे.

मधली वर्षं कशी काढायची, हाच काय तो प्रश्न. लोकांना हे कळत नाही. म्हणतात, केरळ पाहिलंत ना, झालं. जेवला ना परवा, असं कुणी भुकेल्याला म्हणतं का? आम्हा दोघींना परतीच्या गाडीतच पुढच्या सहलीची भूक लागायची. बिल्किसने त्यावर उपाय काढला होता. लॉजमधले ते चिमुकले साबण ती घेऊन यायची, मोजून चार-पाच. कपाटात कपड्यांखाली ठेवायची. एरवी हात लावायची नाही. घरात फार झालं, म्हणजे सासू फार बोलली किंवा मोहम्मदभाई परत गेले, की त्या दिवशी एक काढायची, नुसते हात धुवायची आणि सुकवून परत कागदात गुंडाळून ठेवायची. हैदराबादचा शेवटचा तुकडा म्हैसूरला जायच्या आदल्या महिन्यात संपला. “बरोब्बर पुरवला,” म्हणाली होती, आणि तिला त्याचा केवढा अभिमान!

माझा उपाय दिघी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघी एसटीने दिघीला जायचो, जंगलजेटीवर चढायचो, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या त्या मोठ्या बोटीवर. आगरदांड्याला उतरायचं, चहा घ्यायचा, पुढच्या बोटीने परत. काम काही नाही. तिकीट देणारा चंदर विचारायचा, “बाई, आज काय राहिलं पलीकडं?” बिल्किस कठड्याला धरून पुढे तोंड करून उभी राहायची. जाताना पुढे तोंड, येतानाही पुढेच.

आणि मोहम्मदभाई? त्यांना फिरण्याचा तिटकारा. दर सुट्टीला बिल्किस म्हणायची, एकदा मला तिकडे न्या, तुमची वाळू दाखवा. ते म्हणायचे, “वाळूत काय बघायचं? वाळू म्हणजे वाळू.” तिने पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता. दहा वर्षांनी त्याची मुदत संपली, एक शिक्का न पडता. दुसरा काढला, तोही तसाच संपला. तिसरा तिने काढला नाही.

केरळनंतर पुढची सहल या खेपेला लवकर, एकवीसलाच, असं ठरलं होतं. आलं काय, ते सगळ्यांना माहीत आहे. वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, जूनमध्ये वादळ आलं. माझ्या वाडीतल्या पोफळी अर्ध्या आडव्या झाल्या, तिच्या घरावरचे पत्रे शेजारच्या विहिरीत सापडले. त्या पावसाळ्यात तिने केरळचे पाचही साबण संपवले. डिसेंबरात मोहम्मदभाई कायमचे परत आले. एकोणतीस वर्षांनी नवरा घरात राहायला आला आणि दीड वर्षात हळूहळू विसरायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग संडासाची वाट. माणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता असंच वाढत जाणार.

म्हणून पंचवीसच्या जानेवारीत मी हट्टाने जैसलमेर ठरवलं. तिच्यासाठीच ठरवलं. सहा वर्षं ती घरातून हलली नव्हती, दिघीचे शनिवारसुद्धा बंद झाले होते. हुझैफा, तिचा मुलगा, कतारला असतो. पनवेलहून सून यशरा दहा दिवस येऊन राहायला तयार होती. सगळं जमलं होतं. आणि आता ही पायरीवर बसून सांगते, तिकीट रद्द करा.

“दोन रकाती केल्या म्हणून तू येणार नाहीस?” मी चिडूनच विचारलं.

“बाई, ते घरात न्हाईत,” ती म्हणाली. “त्यांच्या मनानं ते डोंगरीला हायेत. जमातीच्या खोलीवर.”

मुंबईत डोंगरीला यांच्या गावच्या जमातीची एक खोली आहे. परदेशी जाणारी माणसं तिथे उतरतात. व्हिसा आला नाही, मेडिकल झालं नाही, विमान पुढे गेलं. आज निघू, उद्या निघू करत चार-चार आठवडे भिंतीला ट्रंक लावून पडायचं. जेवण खानावळीतून यायचं. मोहम्मदभाईंनी तिथे आयुष्याचे कितीतरी महिने काढलेले. आता त्यांना वाटत होतं, आपण तिथेच आहोत, विमानाची वाट बघतो आहोत. म्हणून कसर.

“आणि तू?”

“मी खानावळवाली.” तिने हसायचा प्रयत्न केला. “आपा म्हणतात मला. पहिल्यांदा मी सांगितलं, अहो, मी बिल्किस. तर घाबरले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. परकी बाई अंगाशी आली असं वाटलं असेल. आता मोरीत जाताना आतनं कडी घालतात, बाई. माझ्यासमोर सदरा काढत न्हाईत. मी पण डोक्यावरनं ओढणी पुढं घेऊनच जेवण वाढते. मौलानांना विचारलं, नमाजीचं कसं करू? ते म्हणाले, त्यांचं काही चुकत न्हाय, त्यांच्या मनात सफर हाय.”

तिचं बोलणं ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. त्यांचा, त्या आजाराचा, तिचासुद्धा. ज्या बाईने सहा वर्षं घरात चार-चार रकाती केल्या तिला घर सोडवेना, आणि ज्याला कुठे जायचंच नव्हतं तो घरात बसून मुसाफिर झाला. मी म्हटलं, “तिकीट रद्द होणार नाही. उद्या मी येते तुझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी गेले ते तिला तयार करायचंच असं ठरवून. मोहम्मदभाई जेवायला बसले होते. धुतलेला सदरा, दाढी विंचरलेली, पाठीशी भिंतीला लावलेली बॅग. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. बिल्किस वाढत होती.

“आपा, सुकटीचं कालवण घरच्यासारखं झालंय,” ते म्हणाले. “माझी बीबी असंच करते. कोकम जरा जास्त घालते.”

“कुठं असते बीबी?”

“बोर्लीला. शिवणकाम करते.” ते थांबले, घास तसाच हातात. “तिला फिरायची भारी हौस. दर खेपेला मागं लागते, मला वाळू दाखवा, वाळू दाखवा.”

“मग न्या की एकदा.”

“न्हाय.” इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. मी दिसले, पण मी त्यांच्या लेखी कोणी नव्हते. “कंपनी देत होती फॅमिली व्हिसा. दोनदा इचारलं त्यांनी. मी न्हाय म्हणालो. तिला सांगितलं, मिळत न्हाय.”

“का वो?”

“ती घरात हाय म्हणून मी परत येतो, आपा. तिथं क्रेनवर बसलो की मला एकच दिसतं. ओटीवर मशीन चालू हाय, ती बसलीय. तीच हिंडाय लागली तर मी परत कुठं यायचं?”

बिल्किसने त्यांच्या ताटात भात वाढला, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि स्वयंपाकघरात आली. डाव हातातच होता. माझ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ही बसेल आणि ऊर फुटेस्तोवर रडेल.

“ऐकलंत?” ती म्हणाली. “दोन पासपोर्ट कोरे गेले माझे. मला वाटायचं, नशीब. नशीब कसलं? मला बांधून ठेवली होती. बोट लागावी म्हणून धक्का असतो ना, तसं.”

“बिल्किस…”

“तिकीट ऱ्हाऊ द्या. मी येते.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? त्या घटकेला मला त्या म्हाताऱ्याची दया आली नाही, तिचीही आली नाही. मला वाटलं, जिंकले. येताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

यशरा आली. शहाणी पोर. पहिल्याच दिवशी तिने ओढणी पुढे घेतली आणि त्यांना सांगितलं, खानावळवाल्या आपा गावाला गेल्यात, मी त्यांची सून. त्यांनी मान डोलावली आणि तिच्या हातचं जेवले. बिल्किस निघाली तेव्हा ते ओटीवर बॅगेजवळ बसलेले होते. “आपा, माझं विमान आलं तर तुमचे पैसे कोणाकडं देऊ?” एवढंच विचारलं. बिल्किस म्हणाली, “ऱ्हाऊ दे भाई, परत आलात की द्या.”

पनवेलला गाडीत बसलो तशी तिची कळा बदलली. मी काय सांगू! साठीची बाई, पण खिडकीची जागा सोडेना. गुजरात गेलं, अबू रोड गेलं, प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने वाचायची. आमच्यातली तुळशी म्हणाली, “बिल्किसभाभी, तुम्ही अनाउन्समेंटला लागा.” जैसलमेरला पहिल्या दिवशी दुपारी लॉजवर तिने दोन रकाती केल्या आणि बसून राहिली. खिडकीतून पिवळा किल्ला दिसत होता. मी बायकांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. पाच मिनिटांची दहा झाली, मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही जीपने वाळूच्या टेकड्यांकडे निघालो. वाटेत मोबाइलला रेंज नाही. तुळशी उंटावर बसली आणि उंट उठला तशी जी ओरडली, की राजस्थानी माणसंसुद्धा लांबून बघायला आली. बिल्किस उंटाकडे फिरकली नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि एका टेकडीवर चढत गेली. मी मागून धापा टाकत. वर गेल्यावर तिने खाली बसून वाळू मुठीत घेतली, सोडली, परत घेतली.

“बाई, ही वल्ली न्हाय,” ती नवलाने म्हणाली. “आपली वाळू चिकटते. ही बघा कशी सुटते.”

मूठ भरत राहिली, सोडत राहिली. सूर्य खाली आला होता.

“खोटं बोलायचे,” ती म्हणाली. “वाळू म्हणजे वाळू न्हाय.”

तेवढ्यात फोन वाजला. टेकडीवर रेंज आली असावी. तिला कानाला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन नेहमी मोठ्या आवाजात लावून धरते. यशरा होती.

“मम्मी, कबसे लावते फोन! एक वाजल्यापासून. मम्मी, अब्बांनी आज चार केल्या.”

बिल्किसने फोन दोन्ही हातांनी धरला.

“दुपारच्या नमाजीला, मम्मी. दोन झाल्यावर बसले आणि परत उठले. मी मोजल्या, पूर्ण चार. मग इकडेतिकडे बघितलं, म्हणाले पंखा कोणी बदलला? मला म्हणाले, यशरा, तू कधी आलीस? माझं नाव घेतलं! मग तुम्हाला हाक मारली. किचनमध्ये बघितलं, मोरीत बघितलं, विहिरीवर जाऊन आले. मशीनवरचं कापड उचलून त्याच्याखाली पण बघितलं, मम्मी. मी सांगितलं, मम्मी फिरायला गेल्या, राजस्थानला. तर हसले. म्हणाले, गेली व्हय शेवटी? मग ओटीवर जाऊन बसले रस्त्याकडे बघत. म्हटलं अब्बा, जेवून घ्या. तर म्हणे, ती आली की बसू.”

“त्यांना फोन दे.”

“मम्मी, आता… चार वाजताच्या नमाजीला परत दोन केल्या. बॅग घेऊन आत जाऊन बसलेत.”

“दे तरी.”

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग त्यांचा आवाज, परक्या माणसाशी बोलतात तसा, जपून. “हॅलो. कोण?”

“मी बिल्किस.”

“बिल्किस गावाला हाय,” ते म्हणाले. “तुम्ही कोण बोलता?”

खालून तुळशीचं हसणं ऐकू येत होतं, उंटांच्या गळ्यातल्या घंटा. बिल्किसने डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

“मी खानावळवाली, भाई. जेवलात काय?”

“न्हाय आपा. कोणाची तरी वाट बघत होतो. कोणाची, ते ध्यानात न्हाय.”

“सून हाय तिथं. तिच्या हातचं जेवा. मी चार दिवसांत येते.”

तिने फोन बंद केला आणि ओढणीत ठेवला. मी तिचा हात धरला, तिने तो हळूच सोडवून घेतला. झिडकारला नाही, नुसता सोडवला. मग उठून खाली उतरली. जीपपाशी आल्यावर चपला एकमेकींवर आपटून झाडल्या, पावलं झाडली, सलवारीची टोकं उलटी करून झाडली, ओढणी झाडली. सगळ्या बायका गाडीत बसल्या तरी तिचं चालूच. एक कणसुद्धा तिला बरोबर न्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोधपूरला तिने चार रकाती केल्या. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. जानमाज झटकल्याचा आवाज आला आणि ती लगेच बाहेर आली.

“चार?” मी विचारलं.

“सवलत हाय, सक्ती न्हाय,” ती म्हणाली. “मला नको.”

एवढंच. मला एक शब्द लागेल असं ती बोलली नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तुम्हीच मला ओढून नेलंत, असं एकदा तोंडावर म्हणाली असती तर मी पाय धरले असते तिचे. तीस वर्षं जो माणूस दर दोन वर्षांनी घरी यायचा आणि ती ओटीवर असायची, तो एकदाच काय तो पलीकडून आला, दोन-तीन तासांसाठी, आणि नेमका त्याच दिवशी मी तिला हजार कोसांवर वाळूत नेऊन बसवलं होतं. माझं आयुष्य शब्दांत गेलं. पण याला शब्द मला सापडलेला नाही. कसर म्हणावं, तर ती कसली? भरून निघते तिला कसर म्हणतात.

परत आल्यावर मी तिच्याकडे गेले तर मोरीत, मोहम्मदभाईंच्या टॉवेलखाली, जैसलमेरच्या लॉजचा चिमुकला साबण. कागद सोडलेला, अर्धा झिजलेला.

“अगं, पुढच्या सहलीपर्यंत पुरवायचा ना?”

“सफरीत ते हायेत,” ती म्हणाली. “त्यांनाच लागतो.”

याला आता दीड वर्ष होईल. मोहम्मदभाई थकले आहेत, काठी लागते. पण नमाज चुकत नाही. गावातल्या बायका मला विचारतात, बाई, आता कुठे? मी म्हणते, बघू. दिघीलाही मी जात नाही. चंदर एकदा बाजारात भेटला, म्हणाला, पलीकडचं सगळं झालं वाटतं बाई? मी हो म्हटलं.

बिल्किस घराबाहेर पडत नाही. दुपारची तर मुळीच नाही. गणवेशाचं काम तिने सोडलं, पण मशीन ओटीवर आणून ठेवलं आहे आणि एक ते दोन ती त्याच्यावर बसलेली असते. नुसती टीप मारत असते जुन्या चादरींना. मी विचारलं नाही कशाला. मी ऐकलं होतं ना, क्रेनवरून काय दिसायचं ते.

परवा मी मुद्दाम दुपारी गेले. ओटीवर मशीन होतं, ती नव्हती. आत गेले तर स्वयंपाकघराच्या दारात उभी, एक हात चौकटीवर. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

“थांबा बाई. दुसरी चाललीय.”

मधल्या खोलीत मोहम्मदभाईंनी डोकं टेकलं होतं. काठी शेजारी आडवी. ते सावकाश उठून बसले. दुसरी रकात झाली. इथून माणूस एकतर तिसरीसाठी उभा राहतो, नाहीतर मान उजवीकडे फिरवून सलाम करतो. ते बसले होते, ओठ हलत होते. बिल्किसची बोटं चौकटीवर घट्ट झाली. मी देवळात जाणारी बाई नाही, पण मनात म्हटलं, उठा. मोहम्मदभाई, उठा हो. ती घरात आहे.

त्यांचा हात काठीकडे गेला. बिल्किस एक पाऊल पुढे झाली. त्यांनी काठी नुसती जरा बाजूला सारली, गुडघ्याला लागत होती म्हणून.

मग मान उजवीकडे फिरवली. मग डावीकडे.

बिल्किसने ओढणी कपाळावर पुढे ओढून घेतली. चुलीपाशी गेली, ताट घेतलं, तांदळाच्या दोन भाकऱ्या ठेवल्या, कालवण वाढलं. कोकम तिने आजही जरा जास्त घातलं होतं.

“खाना आणलाय, भाई.”

“ठेवा आपा,” ते म्हणाले. “आज काय खबर? निघायचं का?”

“आज न्हाय,” ताट समोर ठेवत बिल्किस म्हणाली. “उद्या बघू.”